ऋषिकेशचे दोनशे तास

ऋषिकेशच्या तपोवनातल्या एखाद्या योगशाळेत शिक्षक-प्रशिक्षणाच्या एकविसाव्या दिवशी सकाळी डोकावून पाहा. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, जमिनीवर वीस मॅट, भिंतीवर सात चक्रांचं चित्र, खिडकीतून दिसणारा गंगेचा एक तुकडा. शिक्षकाच्या जागेवर उभी आहे ती कालपर्यंत मागच्या रांगेत बसणारी विद्यार्थिनी. हातात कागद, कागदावर आसनांचा क्रम. ती म्हणते, “श्वास घेत हात वर,” आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर गेलेले असतात. जाणारच. गेले वीस दिवस हेच लोक, हाच क्रम, याच वेळी करत आले आहेत. तिच्या तोंडून ‘उजवा’च्या जागी ‘डावा’ निघालं तरी वर्ग बरोबर तोच पाय पुढे टाकतो जो रोज टाकतो. कोपऱ्यातले गुरुजी वहीत काहीतरी टिपतात. तास संपतो, टाळ्या वाजतात, चहा येतो.

तीन दिवसांनी होम, कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि हातात प्रमाणपत्र. ही बाई आता योगशिक्षिका. ती म्युनिकला परतेल, साओ पाउलोला परतेल किंवा पुण्यालाही परतेल, आणि तिच्या पहिल्या वर्गात येतील रक्तदाबाची गोळी घेणारे बासष्ट वर्षांचे गृहस्थ, बाळंतपणाला चार महिने झालेली आई, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला धावपटू. यातलं एकही शरीर तिनं ऋषिकेशात पाहिलेलं नसतं.

परदेशी माणसानं इथे येऊन योग शिकावा, त्याचे पैसे मोजावेत, महिनाभर गंगेकाठी राहून सुखावून परत जावं, यात मला काहीही वावगं दिसत नाही. पण तो महिना एक विसावा आहे, आणि विसाव्याच्या पावतीवर आपण ‘शिक्षक’ असा शिक्का मारून देतो. विसावा विकावा, शिक्का विकू नये, असं माझं म्हणणं. या दोन गोष्टी वेगळ्या करणं हे काम सरकारचं आहे, शाळांचं आहे, आणि थोडंसं गिऱ्हाइकाचंही.

आधी हिशेब मांडू. शाळांच्या जाहिरातीत ‘२०० तास, २४ दिवस’ असं लिहिलेलं असतं. दोघांत एक खोली, तीन वेळचं सात्त्विक जेवण धरून साधारण हजार ते पंधराशे डॉलर. चोवीसातून येण्याचा दिवस आणि निरोपाचा दिवस वजा करा, तीन रविवार वजा करा, कारण त्या दिवशी पहाटे कुंजापुरीचा सूर्योदय किंवा वसिष्ठ गुफेची सहल असते. उरले एकोणीस. आता रोजचं वेळापत्रक पाहा: सकाळी साडेसहाला प्राणायाम एक तास, मग हठयोगाची आसनं दीड तास, नाश्ता, शरीररचना एक तास, तत्त्वज्ञान एक तास, जेवण, दुपारी आसनांची बारकाई एक तास, संध्याकाळी अष्टांग विन्यास (श्वासाच्या तालावर सलग केलेली आसनं) दीड तास, शेवटी ध्यान एक तास. झाले आठ तास. एकोणीस गुणिले आठ म्हणजे १५२. उरलेले अठ्ठेचाळीस तास ‘स्वाध्याय’ या नावाखाली जमा होतात, म्हणजे विद्यार्थी खोलीत बसून वही भरतो किंवा झोपतो. पहिल्या आठवड्यात पोट बिघडून दोन दिवस अंथरुणात गेले तर तेही बहुधा भरून काढावे लागत नाहीत.

यातला शिकवण्याचा सराव किती? वीस जणांचा वर्ग असेल आणि प्रत्येकाला एक पूर्ण तास द्यायचा म्हटलं तर वीस तास तिथेच जातात. शाळेला तेवढी सवड नसते. म्हणून सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तुकडे, आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येकी एक छोटा वर्ग. म्हणजे दोनशे तासांच्या शिक्षक-प्रशिक्षणात माणूस प्रत्यक्ष शिकवतो एक, फार तर दीड तास, आणि तेही ज्यांना सगळं येतं त्यांनाच. गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेनं मैदानात एक फेरी मारायला लावून ट्रकचा परवाना हातात ठेवावा, तसं हे आहे.

हा एक महिन्याचा साचा कुठल्या प्राचीन गुरुकुलातून आलेला नाही. ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांनी १९३६ मध्ये दिव्य जीवन संघ स्थापन केला; त्यांचे शिष्य विष्णुदेवानंद कॅनडात गेले आणि त्यांनी १९६९ मध्ये पाश्चात्त्य विद्यार्थ्यांसाठी शिक्षक-प्रशिक्षणाचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. पाश्चात्त्य माणसाला सुट्टी मिळते ती तीन-चार आठवड्यांची, आणि महिनाभराचा साचा त्या सुट्टीत नेमका बसतो. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत योगा अलायन्स ही नोंदणी संस्था उभी राहिली आणि दोनशे तास हा आकडा जगभर नाण्यासारखा चालू लागला. या संस्थेच्या आताच्या मानकात आसन-प्राणायामाच्या तंत्राला ७५ तास, शरीररचना व शरीरक्रियेला ३०, तत्त्वज्ञान-इतिहासाला ३०, आणि शिकवण्याची पद्धत, सराव व व्यावसायिक नीती या सगळ्याला मिळून ५० तास आहेत. उरलेले पंधरा ऐच्छिक. कागदावर हे वाईट नाही. अडचण अशी की ही संस्था शाळेची नोंद ठेवते, विद्यार्थ्याची परीक्षा घेत नाही. विद्यार्थी वार्षिक शुल्क भरतो आणि नावापुढे ‘नोंदणीकृत योगशिक्षक’ अशी अक्षरं लावतो.

ती अक्षरं लागतात कशाला? योगशिक्षकाला सरकारी परवाना ना अमेरिकेत लागतो ना ब्रिटनमध्ये. पण जिम आणि स्टुडिओ विमा काढतात, आणि विमा कंपनी विचारते, शिकवणाऱ्याकडे दोनशे तासांचं प्रमाणपत्र आहे का. म्हणजे ऋषिकेशात मिळणारा कागद हा मुळात विम्याचा कागद आहे. त्याच्यावर ॐ छापलेला असतो, एवढंच.

विद्यार्थी तर खूश असतात, मग तुम्हाला काय त्रास, असं विचारणारे पुष्कळ आहेत. खरंय, बहुतेक जण खूश असतात. पैसे देणारा खूश, घेणारा खूश. पण या व्यवहारात एक तिसरा माणूस आहे, जो तिथे हजर नसतो: ते बासष्ट वर्षांचे गृहस्थ. चुकांची किंमत ते मोजतात. म्हणून हा प्रश्न दोघांतल्या खाजगी सौद्याचा राहत नाही.

चुका होतात तरी कोणत्या? विन्यासाच्या वर्गात सर्वात जास्त भार येतो तो चतुरंग दंडासनात, म्हणजे शरीर फळीसारखं ठेवून कोपरं वाकवत खाली येण्याच्या हालचालीत. अष्टांगाच्या सुरुवातीला ‘अ’ प्रकारचे पाच सूर्यनमस्कार, प्रत्येकात एक चतुरंग. मग ‘ब’ प्रकारचे पाच, प्रत्येकात तीन. उभी आसनं सुरू व्हायच्या आधीच वीस झाले. बैठ्या आसनांत दोन बाजूंच्या मधे पुन्हा एकेक, ते निराळेच. सकाळच्या वर्गातही सूर्यनमस्कार असतील तर हा आकडा दुप्पट होतो. वर्षानुवर्षं संगणकासमोर बसलेल्या माणसाचे खांदे आधीच पुढे झुकलेले. दुसऱ्या आठवड्यात थकवा आला की कोपरं बाहेर फाकतात, खांदा कोपराच्या पातळीखाली घसरतो आणि सगळा ताण खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. त्यावर उतारा साधा आहे. गुडघे टेकवा, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सरळ उभा ठेवा, खांदा कोपराच्या रेषेत आला की थांबा, आणि दिवसाला चतुरंगांची संख्या निम्मी करा. पण वीस जणांवर एक शिक्षक आणि पुढच्या तासाची घंटा वाजायला आलेली, अशा वेळी खांद्याकडे कोण बघतो?

दुसरी दुखापत जास्त फसवी आहे. रोज दोन वेळा पुढे वाकायचं, गुडघे ताठ ठेवून. मांडीमागच्या स्नायूचा कंडरा जिथे बैठकीच्या हाडाला चिकटतो तिथे बारीक दुखू लागतं. वर्गात सांगतात, “जकडलंय, अजून ताणा.” ताणल्यानंच ते वाढतं. तिथे हवी असते विश्रांती, वाकताना गुडघ्यात किंचित वाक, आणि काही आठवडे ताणाऐवजी हळूहळू बळ वाढवण्याचे व्यायाम. दुर्लक्ष केलं तर महिनोन्‌महिने खुर्चीत बसणं नकोसं होतं. पद्मासनाचंही तसंच. खुब्याचा सांधा बाहेर वळत नसेल तर ओढून घातलेली मांडी गुडघ्याला पिळते, आणि गुडघा त्या दिशेला वळण्यासाठी घडलेलाच नाही. शीर्षासन काचबिंदूच्या रुग्णाला द्यायचं नाही, हे एका वाक्यात सांगितलं जातं. पण वर्गात येणाऱ्या अनोळखी माणसाला काचबिंदू आहे का हे विचारायचं कसं, कधी, आणि तो ‘हो’ म्हणाला तर त्या पाच मिनिटांत त्याला दुसरं काय करायला द्यायचं, हे सांगितलं जात नाही. शिकवणं म्हणजे नेमकं तेच असतं.

शुद्धिक्रियांबद्दल मात्र मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘अस्सल भारतीय अनुभव’ म्हणून सर्वात जास्त बेफिकिरी तिथेच चालते. जलनेतीचं, म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याचं, उदाहरण घ्या. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा चमचा सपाट भरून त्याहून किंचित कमी. एवढं मीठ असलं की पाणी नाकाला झोंबत नाही. कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. पाणी कोमट हवं, आणि ते आधी किमान एक मिनिट खळखळून उकळून निववलेलं हवं. नळाच्या पाण्यात क्वचित असा अमीबा असू शकतो जो प्यायल्यानं काही करत नाही पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर बहुधा जीव घेतो. प्रत्यक्षात काय होतं? गच्चीवर प्लास्टिकची बादली, गीझरचं गरम पाणी, त्यात मुठीनं टाकलेलं मीठ, आणि अठरा जण आपापली नेतीची झारी बादलीत बुडवून भरतात. गीझरचं पाणी उकळलेलं नसतं. पुढची चूक पाणी काढताना होते. कमरेत वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, हलक्या झटक्यांनी श्वास सोडायचा असतो. नवखा माणूस एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरतो, पाणी कानाच्या नळीत जातं, आणि दोन दिवस कान ठणकतो. मग तो परतीच्या विमानात बसतो.

शंखप्रक्षालन, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन आतडी धुणं, याहून गंभीर. कोमट मिठाच्या पाण्याचे दोन पेले प्यायचे, मग ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन आणि उदराकर्षण यांची फेरी, पुन्हा दोन पेले, असं शौचाला स्वच्छ पाणी येईपर्यंत. पूर्ण क्रियेत सोळा किंवा त्याहून जास्त पेले होतात. लिटरला दोन चमचे मीठ धरलं तर चार लिटरमध्ये चाळीस ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जातं. ते बाहेर पडलं तर ठीक. अडकलं, आणि काही जणांचं अडकतंच, तर ते मीठ शरीर शोषून घेतं, आणि रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ते सोसत नाही. क्रियेनंतर पाऊण तासानं भरपूर तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी खायची, तिखट-आंबट-दूध काही दिवस बंद, पंख्याखाली झोपायचं नाही, दिवसभर पूर्ण विश्रांती. ही क्रिया एकेका माणसावर नजर ठेवून, वर्षातून फार तर दोनदा करायची. तिला वेळापत्रकात ‘दुसरा रविवार’ असा खाना मिळतो आणि अठरा जणांत संडास तीन असतात. त्या सकाळचं वर्णन इथे नको. लघुशंखप्रक्षालन, सहा पेल्यांचं, बऱ्याच जणांना पुरेसं असतं. पण त्याचे फोटो तितके भारी येत नाहीत.

इतकं लिहिल्यावर वाटेल की हा महिना टाकाऊच आहे. तसं मुळीच नाही. रात्री नऊला दिवा मालवून पहाटे पाचला उठणं, फोन बाजूला, मांस आणि दारू बंद, रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं काम, संध्याकाळी परमार्थ निकेतनच्या घाटावरची आरती. ज्या माणसाचं आयुष्य ऑफिसच्या कॅलेंडरनं कुरतडलंय त्याला हे औषधासारखं लागतं. तीन आठवड्यांत झोप सुधारते, पाठ मोकळी होते, रडू येतं, मैत्री होते. भल्याभल्यांना ही संधी आयुष्यात मिळत नाही. शाळांनी हे अभिमानानं विकावं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरं चालतात: पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांहून जास्त बैठक, नऊ दिवस मौन, शुल्क शून्य, शिबिर पुरं केलेल्यानंच दान द्यायचं. दहा दिवसांत माणूस शंभराच्या आसपास तास बसतो, म्हणजे दोनशे तासांच्या निम्मं, आणि बाहेर पडताना त्याच्या हातात काहीही नसतं. कुणी त्याला विपश्यनेचा आचार्य म्हणत नाही. म्हणून तिथे जाणाऱ्याची संख्या घटलेली नाही. कागद दिला नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, ही भीती किती पोकळ आहे हे पाहायला मुंबई-नाशिक रस्ता पुरे.

महाराष्ट्रातलीच आणखी दोन ठिकाणं इथे आठवणं भाग आहे, अभिमान मिरवण्यासाठी नव्हे, मोजपट्टी म्हणून. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना पोटातला दाब किती बदलतो हे यंत्रानं मोजलं, क्ष-किरणांची चित्रं घेतली. ‘प्राचीन आहे म्हणून बरोबर आहे’ हा युक्तिवाद त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच बाजूला ठेवला होता. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांच्या परंपरेत शिक्षक व्हायचं तर किमान तीन वर्षांचा नियमित सराव, मग अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी, मग परीक्षा. पट्टा, ठोकळा, खुर्ची, लोड ही साधनं तिथे आली तीच मुळी न वाकणाऱ्या, दुखऱ्या, म्हाताऱ्या शरीरांसाठी. त्या पद्धतीवर कर्मठपणाचे आरोप होतात आणि ते सगळेच खोटे नाहीत. तरीही तिथला नवा शिक्षक वर्गात उभा राहतो तेव्हा त्यानं दुखरा गुडघा पाहिलेला असतो.

गंमत म्हणजे ऋषिकेशच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला पहिल्याच आठवड्यात पतंजलीचं सूत्र फळ्यावर लिहिलं जातं: अभ्यास दृढ होतो तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरानं केल्यावर. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि पंधरा दिवसांनी शिक्षक होतात.

आता शिकवणाऱ्यांकडे पाहा. हरिद्वारच्या विद्यापीठांतून योगात एम. ए. केलेली गढवाली मुलं-मुली या शाळांत दिवसाला चार-चार तास घेतात. दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, संस्कृत बऱ्यापैकी, शरीररचनेचा पेपर दिलेला. तरी परदेशी गिऱ्हाइकासमोर त्यांच्या पदवीला किंमत नाही. तिथे अमेरिकी नोंदणीचीच अक्षरं लागतात, आणि वरच्या श्रेणीसाठी लागणारे शिकवण्याचे दोन हजार तास शिक्षकानं स्वतःच नोंदवायचे असतात. ‘पाश्चात्त्यांनी आमचा योग पळवला’ अशी ओरड आपल्याकडे अधूनमधून होते, बीअर-योगाचे आणि बकरी-योगाचे व्हिडिओ पाहून तर जास्तच. पण चोवीस दिवसांचा कागद छापणारा छापखाना आपल्याच गावात आहे, आणि आपल्याच एम. ए. झालेल्या पोराची किंमत त्यानं पाडली आहे.

सरकार या सगळ्यात कुठे आहे? विखुरलेलं आहे. ऋषिकेश म्हणून जे आपण ओळखतो ते तीन जिल्ह्यांत पसरलंय: शहर डेहराडूनमध्ये, तपोवन आणि मुनी की रेती टिहरीत, स्वर्गाश्रमाचा काठ पौडीत. पूल ओलांडला की अधिकारी बदलतो. हॉटेलची नोंदणी एका खात्याकडे, अन्नाचा परवाना दुसऱ्याकडे, आणि योग शिकवण्याचा परवाना कुणाकडेच नाही, कारण तसा परवानाच नाही. केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या छत्राखाली योग प्रमाणन मंडळ आहे, त्याच्या परीक्षा आहेत, श्रेणी आहेत. पण ते ऐच्छिक आहे, आणि परदेशातली जिम ते विचारत नाही. उत्तराखंडनं २०२५ मध्ये योगधोरण आणलं. त्यात डोंगराळ भागात नवं योगकेंद्र उभारायला खर्चाच्या पन्नास टक्के, कमाल वीस लाख रुपये अनुदान आहे. इमारतीला पैसे मिळतील. वीसचा वर्ग दहावर आणायला पैसे कोण देणार?

व्हिसाच्या अटी तर वाचण्यासारख्या आहेत. पर्यटक व्हिसावर अल्पकालीन योग कार्यक्रम चालतो, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्याच यादीत पुढे भाषा, संगीत, पाककला वगैरेंच्या छोट्या अभ्यासक्रमांना मुभा आहे, पण अट अशी की अभ्यासक्रम सहा महिन्यांच्या आतला असावा आणि शेवटी पात्रतेचं प्रमाणपत्र किंवा पदविका दिली जाऊ नये. थोडक्यात, सरकारच्या लेखी पाहुणा सहलीला आलाय, आणि शाळेच्या जाहिरातीत तो व्यावसायिक पात्रता मिळवायला आलाय. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? माझ्या मते सरकारचा शब्द बरोबर आहे आणि शाळांनी त्याला धरून चालावं.

गोव्यात हेच चित्र वाळूवर आहे. पेडणे तालुक्यात हरमल, मांद्रे, आश्वे. दक्षिणेला काणकोणात आगोंद, पाटणे. हंगाम नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, पावसाआधी किनाऱ्यावरच्या बांबूच्या झोपड्या उतरवायच्या. त्यामुळे शाळा दरवर्षी नव्यानं उभी राहते, शिक्षक दरवर्षी नवे. फळ्यांचा मंच समपातळीत नसतो, दमट हवेत मॅट घसरते, मनगटं दुखतात. दंवात भिजलेल्या मंचावर सकाळी साडेसहाला उड्या मारत विन्यास करायला लावणं हा वेडेपणा आहे. आधी फडक्यानं मंच पुसावा, सुती सतरंजी घालावी. पुढच्या हंगामात ती शाळा सापडेलच याची खात्री नाही, मग तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

करायचं काय, यावर माझं मत असं. निवासी महिना तसाच ठेवा, पण शेवटी द्यायचं ते उपस्थितीचं पत्र: इतके दिवस, इतके तास, हे विषय. ‘शिक्षक’ हा शब्द त्यावर नको. ज्याला शिक्षक व्हायचंय त्यानं आपल्या गावी जाऊन किमान सहा महिने, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली, वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या तक्रारींच्या माणसांना शिकवावं. चाळीस-पन्नास तास तरी. त्यातल्या काही वर्गांचं चित्रण पाठवावं. मग पुन्हा आठवडाभर ऋषिकेशला यावं, आणि परीक्षा घेणारे त्याचे गुरुजी नसावेत, बाहेरचे असावेत. परीक्षेच्या वर्गात बसायला गावातलेच लोक बोलवावेत: साठीचे दुकानदार, घाटावरच्या फूलवाल्या, रिक्षावाले. त्यांना मानधन द्यावं. गुडघे दुखणारी माणसं तपोवनात काही कमी नाहीत. शाळेला याचा तोटा नाही. तेच गिऱ्हाईक दोनदा येतं.

यावर एक हरकत मला गंभीर वाटते. नियम वाढले की मोठ्या शाळा कागदपत्रं तयार करतात आणि छोट्या बंद पडतात. एखादा खरा साधक, जो आठ विद्यार्थ्यांना जीव लावून शिकवतो, तोच आधी मरतो. हे होऊ शकतं. म्हणून शाळेच्या भिंती, चौरस फूट, आरसे यांवर नियम नकोत. प्रत्येक शाळेनं चार गोष्टी दारावर आणि जाहिरातीत लिहाव्यात, एवढंच सक्तीचं करा: वर्गात जास्तीत जास्त किती जण, प्रत्यक्ष शिकवणार कोण आणि त्यांचं शिक्षण काय, प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवण्याचा सराव किती मिनिटं, आणि आजारपणाचा अर्ज पैसे घेण्याआधी भरून घेतात की नंतर. आठ विद्यार्थ्यांचा साधक हे एका कागदावर लिहून मोकळा होईल. पन्नासचा वर्ग भरवणाऱ्याला ते अवघड जाईल.

हाताळणीबद्दलही एक ओळ त्या कागदावर हवी. आसन सुधारायला शिक्षक अंगाला हात लावतो, तेव्हा आधी विचारायचं, आणि ‘नको’ हे उत्तर रोज नव्यानं देता यायला हवं. काही ठिकाणी मॅटच्या कडेला लाकडी चकती ठेवतात, एक बाजू होकाराची, एक नकाराची. पाच रुपयांची वस्तू आहे.

जाणाऱ्यानं, मग तो बर्लिनचा असो की बोरिवलीचा, आगाऊ रक्कम भरण्याआधी शाळेला फोन करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या तुकडीत किती जण होते. जलनेतीचं पाणी कोण उकळतं. आणि शिकवण्याच्या सरावाला माझ्यासमोर कोण बसेल, वर्गातलेच सोबती की बाहेरची माणसं. पहिल्या दोन प्रश्नांना काहीतरी उत्तर मिळतं. तिसऱ्याला थोडा वेळ शांतता असते, आणि मग संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतो की आज रात्री बारापर्यंत नोंदणी केलीत तर शंभर डॉलर कमी.